ओआरईची पाच वर्षं नक्की कधीपासून मोजायची? पार्ट वनचा फॉर्म भरायच्या आधी वाचा

बीडीएस झालंय, इंग्लंडला जायचं ठरलंय अशा सगळ्यांसाठी लिहितेय. ओआरई म्हणजे परदेशात शिकलेल्या डेंटिस्टना तिथे रजिस्ट्रेशन मिळवायला द्यावी लागणारी परीक्षा, पार्ट वन आणि पार्ट टू अशी दोन भागांची, आणि जीडीसी म्हणजे तिथली डेंटिस्टची नोंदणी करणारी कौन्सिल. ज्युनियर्सचे मेसेज येतात त्यात एक प्रश्न हमखास असतो, ताई पार्ट वन पास झाला की तो किती वर्षं चालतो? तर आधी हेच डोक्यातून काढा, कारण पास झाल्यापासून काहीच मोजत नाहीत.

नियम असा आहे की पार्ट वनला तुम्ही पहिल्यांदा बसलात तिथून पाच वर्षांच्या आत पार्ट टू पास व्हायचा. नुसता बुक करून चालत नाही, देऊन चालत नाही, पास व्हायचा. पार्ट वनमध्ये नापास झालात तरी मोजणी पहिल्या वेळेपासूनच. उदाहरण घ्या. समजा तुम्ही एप्रिल २०२५ मध्ये "बघू तरी पेपर कसा असतो" म्हणून बसलात आणि नापास झालात, मग लग्न, घरचं आजारपण, क्लिनिक यात वेळ गेला आणि ऑगस्ट २०२६ मध्ये पार्ट वन निघाला. तुमच्या मनात मुदत ऑगस्ट २०३१. खरी मुदत एप्रिल २०३०. सव्वा वर्षापेक्षा जास्त काळ हातातून गेला आणि कुणी सांगितलंही नाही. आणि प्रत्येक पार्टला चारच अटेम्प्ट मिळतात, म्हणजे तो "बघू तरी" वाला अटेम्प्टसुद्धा त्या चारातलाच.

"देऊन तर ठेव" हा सल्ला आपल्याकडे फार स्वस्तात मिळतो. कॉलेजचे सीनियर देतात, कन्सल्टन्सीवाले देतात, ग्रुपवर ज्यांनी स्वतः परीक्षा दिलेली नाही तेही देतात. भारतातल्या एन्ट्रन्सना तो चालतो, दरवर्षी परीक्षा असते, नाही झालं तर पुढच्या वर्षी. इथे पहिल्यांदा पेपरला बसलं की घड्याळ सुरू होतं आणि ते थांबवायची सोय नाही.

मी यात कशी अडकले ते सांगते, म्हणजे इतकी कळकळ का ते कळेल. माझा पार्ट वन कोविडच्या आधी झाला. पार्ट टूची तयारी जोरात चालू होती आणि २०२० मध्ये परीक्षाच बंद पडली. ती परत सुरू झाली २०२२ मध्ये. मधला सगळा काळ घड्याळ चालूच, कारण पाच वर्षांची अट कायद्याने बांधलेली होती आणि जीडीसीला स्वतःच्या मनाने ती वाढवता येत नव्हती. ज्यांची मुदत त्या काळात संपत होती त्यांनी काय सोसलं ते मी जवळून पाहिलंय. पैसे गेले ते वेगळेच, पण मुलगी शिकलेली असून घरी बसलीय हे चार लोकांत ऐकून घेणाऱ्या आईवडिलांना काय समजावणार? शेवटी मार्च २०२३ मध्ये कायदा बदलला, जीडीसीला नियम ठरवायची मोकळीक मिळाली आणि कोविडमुळे ज्यांची संधी हुकली त्यांना वाढीव वेळ मिळाला. मी त्या दारातून आत आले. पण ती सवलत त्या काळापुरती होती. तुम्ही आता सुरुवात करताय, तुम्हाला ती लागू नाही, त्यामुळे "मुदत वाढवून मिळते" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आता पाच वर्षं म्हणजे खूप झाली असं वाटत असेल तर सीट्सचा हिशोब बघा. २०२३ मध्ये पार्ट वनच्या सीट्स एका वेळेला २०० वरून ६०० केल्या, सगळे खूश झाले. पार्ट टूला मात्र २०२४ मध्ये एका वेळेला १४४ जण बसायचे आणि एक जादा धरून वर्षभरात चारदा परीक्षा ठेवली होती. सहाशे सहाशे जण बसवल्यावर त्यातले पास होणारे सगळे याच दारात येऊन उभे राहणार, आधीचे रांगेत आहेतच. बुकिंग उघडलं की तत्काळ तिकिटासारखं, पान लोड होईपर्यंत सीट्स संपलेल्या. म्हणजे पूर्ण तयारी असलेला माणूसही सीट नाही म्हणून थांबतो. पाच वर्षांतला अभ्यासाचा वेळ बाजूला काढलात तर खरी जास्त वर्षं ही वाट बघण्यात जातात.

म्हणून माझं स्पष्ट मत, पार्ट वनला बसायच्या आधी पार्ट टूची निम्मी तयारी झालेली असावी. हे ऐकून लोक वैतागतात, पण पार्ट वन म्हणजे दोन पेपर, कॉम्प्युटरवर, वाचून होतो. पार्ट टूमध्ये ओएससीई (पेशंट बनलेल्या अ‍ॅक्टरशी बोलून वगैरे कौशल्य दाखवायची परीक्षा), ट्रीटमेंट प्लॅनिंग, मेडिकल इमर्जन्सी आणि मॅनिकिन (पुतळ्याच्या तोंडातल्या दातांवर काम) असतं, आणि मॅनिकिन वाचून होत नाही. फँटम हेडवर, म्हणजे त्या पुतळ्याच्या डोक्यावर, प्लास्टिकच्या दातात क्लास टू (दोन दातांमधल्या बाजूची कॅव्हिटी) कापताना शेजारच्या दाताला बर, म्हणजे ड्रिलचं टोक, नुसता घासला तरी ओरखडा दिसतो. खऱ्या पेशंटच्या तोंडात आपल्याला ज्या सवयी लागल्यात, पेशंटची मान हवी तशी वळवून घेणं, मिरर न धरता थेट बघून कापणं, त्या तिथे चालत नाहीत. मी घरी टेबलाला हेड बसवून, ड्रिलसाठी लहान कंप्रेसर आणून सराव केला. दुपारी सगळी बिल्डिंग झोपलेली असायची म्हणून कंप्रेसर सकाळी अकरापर्यंतच लावायचा असं ठरलं होतं. वरच्या सहा नंबरच्या दाढेच्या डिस्टल (मागच्या) बाजूला इनडायरेक्ट व्हिजनने, म्हणजे आरशात बघून, बॉक्स नीट कापता येईपर्यंत महिने गेले, आणि ते महिने घड्याळ सुरू व्हायच्या आधी घालवले तर फुकट असतात हे लक्षात घ्या. क्लिनिक चालू आहे, हातात काम आहे, तेव्हाच हे करा.

कोर्सेसबद्दल बोलायचं तर मॅनिकिनचा एखादा चांगला कोर्स करा, परीक्षेच्या जवळ. पार्ट टूची फी चार हजार पौंडांच्या पुढे आहे, तिथे कोर्सवर कंजूषी करण्यात अर्थ नाही. पण "मेंटॉरशिप पॅकेज" म्हणून महिन्याला पैसे घेणाऱ्यांपासून लांब राहा. एका ओळखीतल्या मुलीला अशाच एका मेंटॉरने पार्ट वनला घाईने बसवलं, तिचा आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा) नुकताच झाला होता म्हणून "वाया जाईल" असं सांगून. आयईएलटीएस परत देता येतो हो! पहिला अटेम्प्ट परत मिळत नाही. आणि टेलिग्रामवर फिरणारे रिकॉल्स (आधी बसलेल्यांनी आठवून लिहिलेले प्रश्न) पाठ करणाऱ्यांना एकच सांगते, ओएससीईमध्ये समोर अ‍ॅक्टर रडायला लागला की रिकॉल्स उपयोगी पडत नाहीत.

आयईएलटीएसचा विषय निघालाच आहे तर, ओव्हरऑल ७ आणि कुठल्याही सेक्शनला ६.५ च्या खाली नको, आणि स्कोअर दोन वर्षांपेक्षा जुना चालत नाही. म्हणजे हे दुसरं, छोटं घड्याळ. ते संपलं तर पैसे आणि एक शनिवार जातो, बस. त्याला घाबरून मोठं घड्याळ सुरू करू नका.

अमेरिकेचा विचार करणारेही विचारतात म्हणून थोडक्यात. तिकडच्या आयएनबीडीईला (डेंटिस्टच्या लायसन्ससाठीची परीक्षा) पाच वर्षं किंवा पाच अटेम्प्ट, जे आधी संपेल ते, आणि तेही पहिल्या अटेम्प्टपासूनच. त्यानंतर बारा महिन्यांतून एकदाच बसता येतं. पण फरक असा की तिथे ही मर्यादा पास होण्यासाठी आहे. पास झाल्यावर तो निकाल किती जुना चालेल हे ज्या त्या स्टेटचं बोर्ड ठरवतं. इंग्लंडमध्ये पास झालेला पार्ट वनसुद्धा पाच वर्षांनी तुमच्या कामाचा राहत नाही. दोन्हीकडचे नियम एकत्र करून डोकं फिरवून घेऊ नका.

एमएफडीएस (ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेजांची डेंटिस्टसाठीची परीक्षा) म्हणजे लायसन्स नाही, हेही सांगून टाकते. सीव्हीला छान आहे, अभ्यासाला शिस्त लागते, पण त्यावर रजिस्ट्रेशन मिळत नाही. आणि पूर्वी बीडीएसवर थेट डेंटल थेरपिस्ट किंवा हायजिनिस्ट म्हणून नाव नोंदवता यायचं, तो रस्ता मार्च २०२३ पासून बंद झालाय, जुने व्हिडिओ बघून त्याच्या भरवशावर येऊ नका. ट्रेनी डेंटल नर्स म्हणून बरेचजण काम करतात, त्यात कमीपणा अजिबात नाही, उलट इथले डेंटिस्ट पेशंटशी कसे बोलतात ते रोज कानावर पडतं आणि ओएससीईला तेच लागतं.

ज्यांचं घड्याळ आधीच सुरू झालंय त्यांनी हे वाचून हातपाय गाळू नका. तीन वर्षं उरली असतील तर भरपूर आहेत, दोन उरली असतील तरी होतं, माझ्यासमोर झालंय. फक्त आज कॅलेंडरवर पहिल्या अटेम्प्टची तारीख लिहा, त्यात पाच वर्षं मिळवा आणि ती तारीख घरच्यांनाही सांगा, म्हणजे मधे लग्नाची किंवा घर बांधायची बोलणी निघाली की सगळ्यांना एकच तारीख माहीत असेल. रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स ऑफ इंग्लंडची एलडीएस ही वेगळी परीक्षा आहे, तिच्यावरही जीडीसीचं रजिस्ट्रेशन मिळतं, तिचे नियम स्वतः वाचून ठेवा.

ज्यांनी अजून काहीच केलेलं नाही त्यांनी कागदांपासून सुरुवात करा, त्यात घड्याळ नाही. पेशंटवर स्वतः केलेल्या कामाचे १६०० तास दाखवावे लागतात, त्याचं पत्र कॉलेजातून डीनच्या सहीने घ्या, इंटर्नशिपचं लॉगबुक टाकून देऊ नका. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट लागतील तशी काढून ठेवा. स्टेट कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (तुमच्यावर कारवाई नाही असं पत्र) मात्र आत्ता काढू नका, ते तीन महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही, ते अगदी रजिस्ट्रेशनचा अर्ज करायच्या वेळी.