पुण्यातून कोकण किनाऱ्यावर संवर्धनाच्या कामाला जाण्याआधी

पर्यावरणशास्त्र, जैवविविधता, भूगोल किंवा पुरातत्त्व शिकणारी पुण्यातली बरीच मुलं शेवटच्या वर्षाला आली की विचारतात, कोकणात किनारा-संवर्धनाचं काम करायचंय, सुरुवात कुठून करू? आमचं उत्तर बहुतेकांना रुक्ष वाटतं. सातबारा वाचायला शिका, भरतीची वेळ तोंडी काढायला शिका आणि गावाचं वर्षाचं वेळापत्रक समजून घ्या. कासवं, कांदळवनं, देवराया, कातळशिल्पं यांची राखण गावातलीच माणसं करतात आणि ती बारा महिने करतात. बाहेरून आलेला माणूस उपयोगी पडतो तो नोंदी, नकाशे आणि कागदपत्रांत. हे ज्याला कमीपणाचं वाटतं त्याने पर्यटक म्हणून जावं, त्यातही काही वाईट नाही.

कोकणात 'संरक्षित' म्हणजे कुंपणाआतलं अभयारण्य असा अर्थ क्वचितच होतो. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. असे अपवाद मोजकेच. एरवी रत्नागिरीतलं किनाऱ्यावरचं कुठलंही गाव घ्या. पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्राचे नियम) लागू; कासवं अंडी घालतात तो भाग सीआरझेड-१अ मध्ये. खाडीकाठी सरकारी जमिनीवरचं कांदळवन वनखात्याकडे. त्यामागचं खाजण, म्हणजे बांध घालून कसलेली खाडीकाठची खारी जमीन, शेतकऱ्यांचं, पण बांध बहुधा खारभूमी विभागाचा. वाडीच्या वर देवरहाटी, म्हणजे देवराई, जी महसुली कागदावर सरकारी आणि व्यवहारात मानकऱ्यांची. त्याच्या वर सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं पठार, पुन्हा खासगी, आणि त्यावर कदाचित कातळशिल्प. समोर राष्ट्रीय स्मारक असलेला जलदुर्ग असेल तर त्याच्याभोवती १०० मीटर बांधकामबंदी आणि पुढे आणखी २०० मीटर नियंत्रण. एका गावात पाच-सहा खाती, आणि सगळं मिळून एका कागदावर कुणाकडेच नसतं. तो कागद तयार करणं हे नवख्याचं पहिलं काम.

तयारी पुण्यातच होते. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय कार्यालय पुण्यात आहे आणि तिथल्या वनस्पतिसंग्रहात कोकणातले जुने नमुने आहेत. प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आकुर्डीत. इकॉलॉजिकल सोसायटीचा निसर्गसंवर्धनाचा अभ्यासक्रम, गरवारे महाविद्यालयाचा जैवविविधतेचा एम.एस्सी., भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण संस्था, पुरातत्त्वासाठी डेक्कन कॉलेज, या वाटा परिचयाच्या आहेत. पदवी कुठलीही घ्या, पण क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरवर स्वतः नकाशा करता आला पाहिजे आणि झाडं स्थानिक नावांनी ओळखता आली पाहिजेत. खाडीत 'अ‍ॅव्हिसेनिया' असं शास्त्रीय नाव घेतलं तर कुणी मान हलवत नाही. तिवर, चिप्पी, कांदळ, काजळा, मारांडी म्हटलं की बोलणं सुरू होतं.

आता सातबारा. देशावर गट नंबर पाहायची सवय असते. कोकणात सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर चालतो. एकेका हिश्श्यावर वीस-तीस नावं असणं नेहमीचं, त्यातली काही वारलेल्यांची, वारसनोंद न झालेली. 'इतर हक्क' या रकान्यात कूळ, बोजा, वहिवाट यांची नोंद सापडते. तो रकाना न वाचता पुढे जाऊ नये. सड्याची जमीन बऱ्याचदा 'पोटखराबा' म्हणून लागलेली असते, म्हणजे महसुलाच्या दृष्टीने निरुपयोगी, आणि चिरेखाणवाल्याचं काम तिथेच सोपं होतं. सर्वांत जास्त फसगत होते ती संमतीत. गावात राहणारा भाऊ आनंदाने हो म्हणतो, कुंपणाचे खांब उभे राहतात, आणि महिन्याभरात विरारच्या किंवा डोंबिवलीच्या चुलतभावाची नोटीस येते. सहहिस्सेदारांच्या लेखी संमतीशिवाय खासगी जमिनीवर एक दगडही हलवू नका. सगळे एकत्र भेटतात ते गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात. फेरफाराच्या नकला मात्र त्याआधी काढून ठेवाव्यात, कारण सणाच्या गर्दीत तलाठी कार्यालयात तुमचं काम होणार नाही.

सीआरझेडबद्दल गावात एकच समज पक्का असतो: घर दुरुस्त करायलाही बंदी. तसं नाही. २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर, २०११ च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा कमी लोकवस्ती असेल तर भरतीरेषेपासून २०० मीटर विकासनिषिद्ध क्षेत्र, जास्त असेल तर ५० मीटर. खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी असेल ते. अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती आणि आहे त्या जोत्यावर पुनर्बांधणी यांना वाट ठेवलेली आहे. जिल्ह्याचा मंजूर किनारा व्यवस्थापन आराखडा पाहा आणि त्यावरूनच बोला. भरतीरेषा डोळ्यांनी किंवा मोबाइलच्या जीपीएसने आखून गावात दाखवू नका. ती अधिकृत संस्थांनीच आखायची असते, आणि तुमची चुकीची रेघ पुढे एखाद्याच्या घराच्या वादात पुरावा म्हणून नाचवली जाते.

भरतीचा हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजणी. पूर्ण ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. हा हिशेब मुंबईच्या आसपास बरा बसतो, दक्षिणेकडे पाणी थोडं आधी चढतं, म्हणून नोंदवहीत छापील कोष्टकाचीच वेळ लिहा. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग, म्हणजे कमी चढणारी भरती, यांत पाण्याच्या उंचीचा मोठा फरक असतो. खाडीतल्या चिखलात उतरायचं असेल तर पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी, आणि पाणी वळलं की निघायचं. चिखलातून बाहेर यायला आत जाण्याच्या दुप्पट वेळ लागतो.

बहुतेकांना खरं तर कासवांसाठीच यायचं असतं. वेळासला २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन काम सुरू केलं, पुढे कासव महोत्सव उभा राहिला आणि आता वनखात्याच्या देखरेखीखाली अनेक किनाऱ्यांवर कासवमित्र नेमलेले आहेत. इथे येणारं ऑलिव्ह रिडले कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे परवानगीशिवाय अंड्याला हात लावणं गुन्हा. नवख्याच्या हातात वही आणि टेप असावी, घमेलं नाही. मादी बहुतेक रात्री येते. कासवमित्र पहाटे उजाडायच्या आत पुळण चालतो आणि साधारण ६० ते ७० सेंटीमीटर रुंदीचा माग शोधतो. वल्ह्यांसारख्या पायांचे ठसे आलटून पालटून उमटतात. माग वर गेला, विस्कटलेली वाळू आहे, आणि परत वळला, म्हणजे घरटं असण्याची शक्यता. नुसताच वळून गेला तर मादी अंडी न घालता परतली. पातळ काठीने हलके चाचपताना एका जागी वाळू सैल लागते. तिथून पुढे हातानेच.

घरटं सुरईच्या आकाराचं, तोंडाशी अरुंद आणि तळाशी फुगलेलं, खोली साधारण ४५ सेंटीमीटर, अंडी शंभर ते सव्वाशेच्या घरात. उधाणाचं पाणी पोहोचत नसेल आणि कुत्री-कोल्ह्यांपासून वाचवता येत असेल तर घरटं जागच्या जागी जाळीखाली ठेवणं सर्वांत चांगलं. हलवायचंच तर घातल्यापासून पाच-सहा तासांत. त्यानंतर गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटलेला असतो. अंडं फिरलं किंवा हिसका बसला की तो मरतो, आणि बाहेरून काहीच कळत नाही. दोन महिन्यांनी घरटं उपसल्यावर कळतं. म्हणून अंडं उचलताना वरची बाजू वरच राहिली पाहिजे, बादलीत त्याच घरट्याची ओलसर वाळू हवी, आणि ती बादली मोटारसायकलवर नेऊ नये. नवा खड्डा त्याच खोलीचा आणि आकाराचा. दोन घरट्यांत किमान एक मीटर.

पिल्लं ४५ ते ६० दिवसांत बाहेर येतात. वाळूचं तापमान साधारण २९ अंशांच्या वर असेल तर माद्या जास्त, खाली असेल तर नर जास्त. त्यामुळे तापमापक घरट्याच्या खोलीवर पुरायचा. वरच्या वाळूचं तापमान लिहिलेल्या वह्या काही कामाच्या नाहीत. मार्चनंतरच्या घरट्यांवर सावलीची जाळी लागते, नाहीतर गर्भ भाजून निघतात. हलवलेली घरटी ज्या कुंपणात ठेवतात त्या संवर्धन केंद्राची जागा दरवर्षी बदलावी, जमत नसेल तर वाळू तरी. जुन्या कवचांवर बुरशी आणि किडे वाढतात. पंचेचाळीसाव्या दिवसापासून घरट्यावर टोपली. पिल्लं निघाली की पहाटे किंवा संध्याकाळी लगेच वाळूवर सोडायची, त्यांनी स्वतः चालत पाण्यात जायचं. पाहुण्यांची बस उशिरा येणार म्हणून पिल्लं टोपलीत थांबवून ठेवणं हा सरळ गैरप्रकार आहे; अंगातल्या बलकावर त्यांना समुद्रात पहिले दिवस काढायचे असतात आणि तो बलक टोपलीत वळवळण्यात संपतो. शेवटी घरटं उपसून रिकामी कवचं, मेलेली पिल्लं, न उबलेली अंडी वेगवेगळी मोजायची. टक्केवारी नेहमी ९० च्या वर दिसत असेल तर मोजणी अंदाजाने होते आहे असं समजा.

समुद्रात जाळ्यात सापडलेलं कासव सोडताना जाळं कापावं लागलं तर मच्छीमाराला शासनाकडून २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची तरतूद आहे. त्यासाठी कापलेल्या जाळ्याचे आणि सुटकेचे फोटो लागतात. नव्या माणसाने बंदरावर जाऊन अर्ज भरून देणं, हे दहा जनजागृती व्याख्यानांपेक्षा मोलाचं.

खाजणाचा प्रश्न मात्र अवघड आहे आणि पुण्याच्या वर्गात तो नीट शिकवला जात नाही. खारबांध म्हणजे मातीचा बांध, त्यात उघाडी: ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीला खारं पाणी अडवणारी झडप. खेकड्यांची आणि उंदरांची बिळं, गाळ अडकून न मिटणारी झडप, आणि जुलै-ऑगस्टच्या उधाणात मुसळधार पाऊस, हे एकत्र आलं की बांधाला खांड पडते. वेळेत बुजवली नाही तर शेतात खारं पाणी खेळतं आणि काही वर्षांत तिवर उगवते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर खासगी जमिनीवरचं कांदळवनही न्यायालयाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. म्हणजे खांड बुजली नाही म्हणून शेत गेलं, आणि झाडं आली म्हणून ते परत मिळणार नाही. शेतकऱ्याचा कांदळवनावरचा राग इथून येतो. त्याला 'सुनामी अडते' सांगून उपयोग नसतो. बांधाच्या बाहेरची झाडं लाटांचा मारा घेतात, म्हणून तिथे ती राहू द्यावीत. आतल्या बाजूची खांड पहिल्याच हंगामात कळवावी, अर्जाची पोच घ्यावी, पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या 'पनवेल' भातजातींची माहिती द्यावी. कांदळवन राखायचं असेल तर भातशेती वाचवण्याच्या अर्जावर तुमचीही मेहनत दिसली पाहिजे.

लागवडीबद्दल आमचं मत कडवट आहे. उघड्या चिखलावर कांदळाच्या शेंगा ओळीने खोचल्या की फोटो छान येतो. पण जिथे कधी झाड नव्हतं तिथे बहुधा पाणी जास्त वेळ राहतं म्हणून नव्हतं. रोपं बुडून मरतात, आणि जगली तर पाणपक्ष्यांची चरण्याची जागा जाते. पाण्याची अडलेली वाट मोकळी केली की बिया भरतीबरोबर आपोआप येतात.

सड्यावर जूनअखेर ते ऑक्टोबर यांतच जा. डिसेंबरात केलेल्या पाहणीत 'उजाड कातळ' असं लिहिलं जातं आणि तेच वाक्य खाणीच्या प्रस्तावात जातं. कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू ही नावं आता सर्वांना माहीत आहेत. रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत खडू किंवा चुना भरू नका. मोजमाप खुंट्या-दोरीच्या चौकटीने, फोटोत मोजपट्टी आणि उत्तर दिशा. नव्या शिल्पाचं नेमकं ठिकाण जमीनमालक आणि पंचायत तयार होण्याआधी समाजमाध्यमांवर टाकू नका.

गावाची संमती म्हणजे सरपंचाची सही नव्हे. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतलं कमी ते. तहकूब सभेला ती लागत नाही, त्यामुळे ठराव 'तहकूब सभेत' झाला असेल तर पुढे विरोध निघेल हे धरून चाला. ग्रामसभेआधीच्या महिला सभेला आवर्जून जा, कारण तिसऱ्या, कालवं अशी शिंपली वेचणाऱ्या बायकांना खाडीचा तळ पुरुषांपेक्षा चांगला ठाऊक असतो आणि मोठ्या सभेत त्या बोलत नाहीत. देवरहाटीचं काही असेल तर मानकऱ्यांना विचारायचं. ते ग्रामदेवतेला कौल लावतील, आणि कौल मिळाला नाही तर विषय तिथेच थांबतो. जैवविविधता व्यवस्थापन समिती २००२ च्या कायद्याने प्रत्येक पंचायतीत असते. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर लोकजैवविविधता नोंदवह्या घाईत भरल्या गेल्या. तुमच्या गावाची वही काढून शेजारच्या गावाच्या वहीशी ताडून पाहा. एकसारखी निघाली तर ती नव्याने भरणं हे वर्षभराचं चांगलं काम आहे.

पोटापाण्याचं थोडक्यात: जागा बहुतेक प्रकल्पांच्या, अकरा महिन्यांच्या कराराच्या, आणि निधी उशिरा येतो. करारात राहण्याची सोय, प्रवासखर्च आणि अपघात विमा लिहून घ्या. नोंदींची एक मराठी प्रत पंचायतीत ठेवण्याचं कलमही घालून घ्या, नाहीतर तुमचा करार संपताना माहिती तुमच्या लॅपटॉपबरोबर पुण्याला परतते.

आणि नोव्हेंबरात कासवांच्या हंगामाला रुजू होण्यापेक्षा जूनमध्ये जा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, मच्छीमार जाळी विणत घरी असतात आणि बोलायला सवड असते. सडा फुलायला लागतो, खाजणात पेरणी चालू असते, उधाणात बांध कुठे गळतो ते दिसतं. वरंध घाट पावसाळ्यात बऱ्याचदा बंद असतो, म्हणून ताम्हिणीने माणगावला उतरा. सोबत रेनकोट, पेन्सिल आणि जाड पुठ्ठ्याची वही घ्या. पेनाची शाई त्या हवेत पसरते.