फोर बाय फोरचा गिअरबॉक्स फोर बाय टू पिकअपला बसवताना

म्हापसा-फोंड्याकडे जुना गिअरबॉक्स स्वस्तात मिळतोय म्हणून लगेच उचलू नका. इंजिन तेच असेल तर पुढचं बेल हाउसिंग, म्हणजे बॉक्स इंजिनला जोडणारं घंटेसारखं कवच, बहुधा जुळतं. अडतं ते मागे. फोर बाय टूमध्ये इंजिनची ताकद दोनच चाकांना जाते, फोर बाय फोरमध्ये चारही चाकांना. म्हणून फोर बाय फोरमध्ये गिअरबॉक्सला सहसा मागून ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा) जोडलेला असतो, त्यामुळे आउटपुट शाफ्ट (ताकद बाहेर नेणारा दांडा) आणि मागचं हाउसिंग वेगळं. नुसतं हाउसिंग बदलून सहसा भागत नाही, शाफ्टही बदलावा लागतो, म्हणजे अख्खा बॉक्स उघडणं आलं. दोन्ही बॉक्स शेजारी ठेवून लांबी आणि शाफ्टवरच्या स्प्लाइनचे (खाचांचे) दाते मोजा. स्पीडोमीटरची केबल कुठे बसते तेही पाहा. अनेक फोर बाय फोर गाड्यांत ती ट्रान्सफर केसवर असते. आणि गोव्याचा पावसाळा उघड्यावर काढलेला बॉक्स असेल तर ऑइल काढून बघाच. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, घेऊ नका.