नॅस बंद पडला? डेटा काढायच्या घाईत या चुका टाळा

सोलापुरात आता बऱ्याच ठिकाणी नॅस दिसतो, म्हणजे सगळ्यांनी नेटवर्कवरून वापरायचा डिस्कचा डबा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलवाल्यांच्या जॅकार्डच्या डिझाईन त्याच्यावर, युनिफॉर्मवाल्यांचे पॅटर्न आणि शाळांच्या ऑर्डरी त्याच्यावर, फोटो स्टुडिओवाल्यांचे लग्नाचे व्हिडिओ, सीए लोकांचा टॅलीचा डेटा, सगळं त्याच्यावरच. आणि सगळ्यांचा समज एकच, आत चार डिस्क आहेत, रेड केलेलं आहे, म्हणजे डिस्क एकत्र जोडून एखादी गेली तरी डेटा राहील अशी मांडणी, मग कशाला बॅकअप. मग कधीतरी ऐन मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत, लूमच्या शेजारच्या केबिनमध्ये, सुताच्या धुळीने जाळी बुजलेला तो डबा बीप बीप करायला लागतो किंवा सरळ गप्प होतो.

इथे एक गोष्ट आधीच बोलून ठेवतो. डबा बंद पडला त्या क्षणी बहुतेक वेळा डेटा डिस्कवर असतोच. तो जातो पुढच्या दोन-चार तासांत, मालक, पुतण्या, ऑपरेटर आणि ओळखीतला कॉम्प्युटरवाला असे सगळे मिळून जे उपद्व्याप करतात त्यात. म्हणून खालचं सगळं एकाच नियमावर आहे, मूळ डिस्कवर एक अक्षरसुद्धा लिहायचं नाही.

चालू-बंद, चालू-बंद

पहिली चूक हीच. चालू होत नाही म्हणून बटण दाबायचं, परत दाबायचं, स्टॅबिलायझर बदलून दाबायचं. आतून टक टक आवाज येत असेल तर डिस्कचं हेड, म्हणजे वाचणारा भाग, गडबडलेलं असू शकतं आणि प्रत्येक वेळी चालू केल्यावर ते प्लॅटरवर, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या चकतीवर, घासायची शक्यता वाढते. फोन येतो, "डिस्क टकटक करलालीय ओ, पण आता परत चालू करून बघतो." नका बघू. वायर काढा आणि चहा घ्या.

पण उलटं पण असतं. लहान दोन डिस्कवाल्या डब्यांना बाहेरचा बारा व्होल्टचा ॲडॉप्टर असतो, तो उन्हाळ्यात आणि आपल्याकडच्या लाईटच्या ये-जा मध्ये कमजोर होतो, मग डिस्क फिरायला लागतात, करंट पुरत नाही, परत थांबतात, आणि आवाज असा येतो की वाटतं डिस्कच मेली. ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट, अँपिअर आणि पिनची पोलॅरिटी जुळवून दुसरा लावून बघायचा, पण डिस्क बाहेर काढून ठेवून. रिकामा डबा नीट चालू राहिला म्हणजे ॲडॉप्टर चांगला असं मात्र नाही, कारण डिस्क फिरायला सुरू होतानाच करंट सगळ्यात जास्त लागतो. शक्य असेल तर काम नसलेली जुनी डिस्क लावून टेस्ट करा.

डबा मेला म्हणजे डिस्क मेल्या असं पण नाही. २०१७ मध्ये इंटेलच्या ॲटम सी२००० चिपमधला दोष उघड झाला होता, ती चिप असलेले नॅस काही वर्षं चांगले चालून एक दिवस बोर्डच उठायचा नाही, आतल्या डिस्क मात्र ठणठणीत. अशा वेळी त्याच कंपनीचा चालणारा डबा मिळाला तर डिस्क त्याच क्रमाने त्यात घालून डेटा दिसू शकतो. फक्त स्क्रीनवर जे विचारतो ते वाचा. "मायग्रेट" वेगळं, "नवीन इन्स्टॉल" वेगळं, आणि "सर्व डेटा पुसला जाईल" असं दिसलं तर तिथेच थांबा.

नंबर न टाकता डिस्क काढणं

दोन मिनिटांचं काम आहे, कोणी करत नाही. पांढरी टेप, मार्कर, कप्पा एक दोन तीन चार, आणि प्रत्येक डिस्कच्या सिरियल नंबरचा मोबाईलवर फोटो. लिनक्सवर चालणाऱ्या नॅसमध्ये डिस्कचा क्रम डिस्कवरच लिहिलेला असतो म्हणून कधी कधी निभावतं, पण ती माहितीच खराब झाली की क्रम अंदाजाने लावत बसावं लागतं, चार डिस्कचे चोवीस क्रम होतात.

विंडोजची ती खिडकी

डिस्क काढून कोणीतरी यूएसबी डॉकला लावतो आणि विंडोज लगेच म्हणतं, डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल. किंवा डिस्क मॅनेजमेंट उघडलं की इनिशियलाईज करू का. विंडोजला आतली लिनक्सची फाईल सिस्टीम, म्हणजे फाईली मांडायची पद्धत, कळत नाही, म्हणून ते रिकामी समजतं, इतकंच. कॅन्सल करायचं. इनिशियलाईज केलं तर पार्टिशन टेबलवर, म्हणजे डिस्कचे भाग कुठे आहेत त्या यादीवर, नवीन लिहिलं जातं, फॉरमॅट केलं तर त्याहून वाईट, आणि चेकडिस्कचा, म्हणजे विंडोजच्या डिस्क दुरुस्तीचा, तर विचारच नको. शिवाय चार डिस्कमधली एकटी डिस्क लावून त्यात फोल्डर दिसणारच नाहीत, रेड-१ (दोन्ही डिस्कवर तीच कॉपी) सोडलं तर प्रत्येक डिस्कवर फाईलचे तुकडे असतात.

रिबिल्ड, म्हणजे खरा खड्डा

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त डेटा इथे गेलेला बघितलाय.

रेड-५ मध्ये एका डिस्कचं नुकसान सोसतं. चार भावांच्या हिशोबाची बेरीज लिहून ठेवलीय, एक भाऊ आला नाही तरी बाकीच्यांची रक्कम वजा करून त्याचा वाटा निघतो, तसं. पण वाटा काढायचा तर बाकीचे सगळे हजर पाहिजेत आणि प्रत्येकाने बरोबर सांगितलं पाहिजे. नवीन डिस्क घालून रिबिल्ड लावला की उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचल्या जातात, तास न् तास, कधी दिवसभर. आणि त्या डिस्क कुठल्या? त्याच दिवशी, त्याच दुकानातून, बहुधा एकाच बॅचच्या घेतलेल्या, तेवढीच वर्षं त्याच धुळीत आणि लूमच्या थरथराटात चाललेल्या. पहिली गेली म्हणजे दुसरी पण म्हातारीच आहे.

साध्या डिस्कच्या डेटाशीटवर लिहिलेलं असतं की दहाच्या चौदाव्या घाताइतके बिट वाचले की जास्तीत जास्त एखादी न वाचता येणारी चूक येऊ शकते, म्हणजे साधारण साडेबारा टेराबाईट. चार टेराबाईटच्या चार डिस्कच्या रेड-५ मध्ये एक गेली की उरलेल्या तीनमधून बारा टेराबाईट वाचायचे. तो आकडा कंपनीने दिलेली कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्षात डिस्क बऱ्याचदा त्यापेक्षा चांगल्या वागतात, पण म्हाताऱ्या डिस्कवर तो जुगार कशाला. रिबिल्डच्या मध्येच दुसरी डिस्क बाहेर पडली की व्हॉल्यूम क्रॅश, म्हणजे सगळे फोल्डरच बंद.

मग करायचं काय? एक डिस्क गेलीय पण फोल्डर अजून उघडतायत, तर रिबिल्ड लावायच्या आधी महत्त्वाचा डेटा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घ्या. टॅली आधी, चालू ऑर्डरींच्या डिझाईन नंतर, दहा वर्षांपूर्वीच्या गेट-टुगेदरचे फोटो सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलट करतात, रिबिल्ड लावून घरी जातात.

डिस्क घेताना पण बघा. २०२० मध्ये बाहेर आलं की डब्ल्यूडीच्या नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्क एसएमआर प्रकारच्या होत्या, त्यात ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात, म्हणून सलग मोठं लिखाण आलं की त्या फारच मंदावतात आणि रिबिल्डमध्ये नॅस त्यांना बाद करून टाकू शकतो. दुकानदाराला सीएमआरच, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली, पाहिजे म्हणून सांगा, त्याला कळलं नाही तर मॉडेल नंबर घेऊन स्वतः तपासा.

आणि लाल दिवा तिसऱ्या कप्प्याचा असताना दुसऱ्या कप्प्यातली चांगली डिस्क ओढणारे पण आहेत. हसू नका, काही डबे डावीकडून मोजतात, काही शून्यापासून, आणि घाईत कोण बघतो.

जुनी डिस्क जबरदस्तीने आत घेणं

हे जरा अवघड आहे पण वाचा. बऱ्याचदा एक डिस्क चार-सहा महिन्यांपूर्वीच बाहेर पडलेली असते, बीप वाजत होता म्हणून कोणीतरी बीपच बंद केला, ईमेलची सूचना सेटच नव्हती. मग दुसरी पडते तेव्हा सगळं बंद होतं. आता कोणीतरी शोधून काढतो की पहिली डिस्क तर चालू होतेय, आणि तिला आत ढकलतो. पण तिच्यावर सहा महिन्यांपूर्वीचं जग आहे. नवीन आणि जुने तुकडे मिसळले की फोल्डरची नावं दिसतात, फाईली उघडल्या की कचरा. त्यात वर फाईल सिस्टीम दुरुस्तीला लावली तर जे चांगलं होतं ते पण जातं.

कुठली डिस्क कधी बाहेर पडली हे बघता येतं. लिनक्समध्ये एमडीॲडम नावाचा प्रोग्राम आहे, त्याचा एक्झामिन हा पर्याय फक्त वाचतो, लिहीत नाही. त्यात प्रत्येक डिस्कचा इव्हेंट आकडा येतो, म्हणजे रेडमधल्या बदलांची मोजणी, डिस्क बाहेर पडली की तिचा आकडा तिथेच थांबतो. तीन डिस्कचे आकडे जवळजवळ सारखे आणि चौथीचा फारच मागे असेल तर ती चौथी बाजूला ठेवायची आणि शेवटी पडलेली दुसरी डिस्क वाचवायच्या मागे लागायचं. एक्झामिनचं सगळं आउटपुट फाईलमध्ये सेव्ह करा, चंक साईज (एका डिस्कवर सलग ठेवलेल्या तुकड्याचा आकार), क्रम, डेटा कुठून सुरू होतो ते सगळं त्यात असतं, पुढे सोनं आहे ते.

याच प्रोग्रामचा क्रिएट पर्याय मात्र लांब ठेवा. इंटरनेटवर कोणीतरी लिहिलेलं असतं की रेड परत क्रिएट केलं आणि डेटा आला. त्याचा आला असेल. क्रिएट डिस्कवरची जुनी माहिती पुसून नवीन लिहितो, प्रोग्रामच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत डेटा सुरू व्हायची जागा वेगळी धरली जाते, क्रम चुकला तर बॅकग्राउंडला सिंक सुरू होऊन पॅरिटी, म्हणजे ती भावांच्या हिशोबाची बेरीज, पण चुकीची लिहिली जाते. असेंबल, म्हणजे डिस्कवर आहे त्याच माहितीवरून रेड जोडणं, वेगळं, क्रिएट वेगळं, आणि फोर्स लावून असेंबल करायचं ते पण इमेजवर, म्हणजे डिस्कच्या हुबेहूब कॉपीवर, मूळ डिस्कवर नाही.

आधी इमेज, मग प्रयोग

डीडीरेस्क्यू हा फुकट प्रोग्राम यासाठीच आहे. तो आधी सोपा भाग पटापट उचलतो, अडणारी जागा सोडून पुढे जातो, आणि कुठे काय राहिलं ते मॅप फाईलमध्ये लिहितो. ही मॅप फाईल द्यायला विसरू नका, नाहीतर मध्ये लाईट गेली की सगळं पहिल्यापासून. पहिल्या फेरीत अडलेल्या जागा खरवडत बसायचं नाही, आधी सगळ्या डिस्कचा सोपा भाग हातात येऊ द्या, मग हट्टी सेक्टरच्या मागे लागा. शक्यतो डिस्क सरळ साटा पोर्टला लावा, स्वस्तातले डॉक खराब सेक्टर आला की डिस्कच सोडून देतात. आणि इमेज घेताना डिस्कवर पंखा लावा, यूपीएसची बॅटरी खरंच चालतेय का ते आधी बघा.

"एवढ्या इमेजसाठी एवढ्या नवीन डिस्क घ्यायच्या?" हो मालक, घ्यायच्या. नंतर त्याच बॅकअपला लागणार आहेत.

दोन डिस्कवर खराब सेक्टर असतील तरी घाबरू नका, ते बहुतेक वेगवेगळ्या जागी असतात, एकीचं जे वाचलं नाही ते बाकीच्यांवरून काढता येतं, फक्त दोन्हींच्या इमेज आणि मॅप पाहिजेत. इमेजवरून रेड जोडायला यूएफएस एक्सप्लोरर, आर-स्टुडिओ, रिक्लेमी असे प्रोग्राम आहेत, विकत घ्यायच्या आधी फाईलींची यादी दाखवतात. माउंट करताना, म्हणजे फाईल सिस्टीम उघडताना, नुसतं रीड-ओन्ली पुरत नाही, ईएक्सटी४ ही लिनक्सची फाईल सिस्टीम रीड-ओन्लीतही जर्नल, म्हणजे अर्धवट बदलांची नोंद, चालवून लिहू शकते, त्याला नोलोड हा पर्याय जोडावा लागतो. आणि माउंट झालं नाही म्हणजे डेटा गेला असं नाही. डब्ल्यूडीच्या जुन्या माय बुक लाईव्हमध्ये फाईल सिस्टीमचा ब्लॉक चौसष्ट केबीचा होता, नेहमीच्या पीसीवरचं लिनक्स ती माउंटच करायचं नाही, डेटा मात्र जागेवर.

डेटा आल्यावर चार वर्डच्या फाईली उघडून खूश होऊ नका. डिस्कचा क्रम चुकलेला असला तरी एका चंकमध्ये मावणाऱ्या बारक्या फाईली नीट उघडू शकतात. मोठा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवा, जॅकार्डची मोठी डिझाईन उघडा, टॅलीत कंपनी उघडून शेवटच्या आठवड्याच्या एंट्र्या बघा.

फ्रीजर, स्क्रू ड्रायव्हर, बोर्ड

फ्रीजरमध्ये डिस्क ठेवायची नाही, बाहेर काढली की आत दव धरतं. झाकण उघडायचं नाही, आपल्या धुळीत तर अजिबात नाही. डिस्कच्या खालचा बोर्ड बदलून पण आता क्वचितच चालतं, त्यावरच्या चिपमध्ये त्याच डिस्कची खास माहिती असते, ती नव्या बोर्डवर हलवावी लागते.

पुण्याला पाठवताना

टकटक आवाज, डिस्क ओळखतच नाही, किंवा दोन डिस्क एकदम गेल्या, असं असेल तर पुण्याची डेटा काढणारी लॅब. सगळ्या डिस्क पाठवा, ती जुनी पडलेली पण, नंबरसकट. काय काय करून झालं ते लपवू नका, रिबिल्ड अर्धा झाला होता, कोणी क्रिएट मारलं होतं, सगळं कागदावर लिहून द्या, नाहीतर त्यांचे पण दिवस फुकट जातात आणि बिल आपल्याला येतं. पैसे भरायच्या आधी कुठल्या फाईली निघतात त्याची यादी मागा. पॅकिंगला अँटिस्टॅटिक पिशवी आणि जाड फोम, प्रत्येक डिस्क वेगळी. सोलापुरात टॉवेलला तोटा नाही म्हणून डिस्क टॉवेलमध्ये गुंडाळून कुरिअर करणारे आहेत, ते नको. जमलं तर कोणीतरी हुतात्मा एक्सप्रेसने स्वतः घेऊन जा, बॅग मांडीवर.

आणि डेटा परत आला की जुन्या डिस्क लगेच भंगारात किंवा सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला लावू नका. टेप न काढता कपाटात ठेवा, निदान मार्च एंडचं क्लोजिंग आणि ऑडिट होईपर्यंत. दोन वर्षांपूर्वीच्या एक्सपोर्टचा कुठला तरी एक फोल्डर आलाच नव्हता हे सीएने मागितल्यावरच कळतं.