आधी गप्प मुलाकडे बघा

लहान मुलांच्या इमर्जन्सीत पोस्टिंग लागलं की नवीन रेसिडेंट डोसांचे तक्ते पाठ करायला बसतात. करा, पण त्याआधी दारात उभं राहून नुसतं बघायला शिका. मी ते उशिरा शिकले.

पहिल्याच आठवड्यातली रात्र. एकाच वेळी दोन मुलं आली. एकाचं कपाळ फुटलेलं, शर्ट रक्ताने माखलेला आणि रडून त्याने वॉर्ड डोक्यावर घेतलेला. दुसरा ७ वर्षांचा, सायकलवरून पडलेला, वडिलांच्या खांद्यावर मान टाकून गप्प. त्याचं वरचं बीपी ९८ आलं. ठीक आहे म्हणून मी कपाळाकडे वळले. सिस्टरांनी त्याचा शर्ट वर केला आणि म्हणाल्या, "मॅडम, हे बघा." डाव्या बरगड्यांखाली सायकलच्या हँडलच्या टोकाएवढा गोल, लालसर वण. नाडी १५०, पाय गार. आत प्लीहेतून, म्हणजे डाव्या बरगड्यांखालच्या स्प्लीनमधून, रक्त वाहत होतं. सर्जन वेळेत आले, मुलगा वाचला. त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

मुलाच्या अंगात किलोमागे साधारण ८० मिली रक्त असतं, म्हणजे २० किलोच्या मुलात १.६ लिटर. त्यातलं जवळपास ३० टक्के जाईपर्यंत बीपी टिकून राहू शकतं. नाडी पळते, कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि शरीर कसंबसं निभावून नेतं. मग मूल एकदम कोसळतं. बीपी उतरायची वाट बघत बसलात तर उशीर झालाच म्हणून समजा. नाडी मोजा, तळपायाला हात लावा, कातडी दाबून सोडा. रंग २ सेकंदांत परत यायला हवा.

दारातून बघायचं ते एवढंच: मुलाची नजर आणि अंगातला जोर, श्वासाला पडणारे कष्ट, कातडीचा रंग. अर्ध्या मिनिटाचं काम. स्टेथोस्कोप गळ्यातच राहू दे आणि मुलाला आईच्या मांडीवरून उचलू नका. उचललंत की ते रडणार, मग श्वास मोजून काय उपयोग? बाकी जोरात रडणाऱ्या मुलाचा निदान श्वासमार्ग मोकळा असतो, त्याला दोन मिनिटं थांबवलं तरी बहुधा चालतं.

आलेल्या प्रत्येक मुलाचं वजन आधी फळ्यावर लिहा. वजनकाट्यावर ठेवायला वेळ नसेल तर उंचीवरून वजन सांगणारी ब्रोसेलो टेप आहे. हृदय थांबलं तर द्यायचं अ‍ॅड्रिनलिन शिरेतून किलोमागे ०.०१ मिग्रॅ. पहाटे चार वाजता त्यातलं एक शून्य गळतं आणि डोस दसपट होतो. डोस मोठ्याने म्हणा, समोरच्याने तो परत म्हणावा. यात कमीपणा नाही.

"नाणं गिळलंय" असं सांगत मूल आणलं तर एक्स-रे मोठा करून कडा बघा. कडेला दुहेरी कडं दिसलं तर ती बटण बॅटरी. अन्ननलिकेत अडकली तर ओलाव्यातून वीज वाहते, तिथे अल्कली, म्हणजे कातडी जाळणारा क्षार, तयार होते आणि २ तासांत खोल भाजतं. बॅटरी फुटावी लागत नाही, वापरून संपलेलीही जाळते. दुर्बीण घालून ती काढणाऱ्या एंडोस्कोपीवाल्यांना फोन आधी, केसपेपर नंतर.

केसपेपरवर नुसतं "पडला" असं कधीच लिहू नका. कुठून, किती उंचीवरून, कशावर, जवळ कोण होतं, सगळं विचारा. एक तर सांगितलेली हकीकत इजेशी जुळते का ते कळतं. पालथंही न पडणाऱ्या बाळाच्या अंगावर काळानिळा डाग असेल तर कुणी मारलं असेल अशी शंका धरा, तिथेच थांबा आणि सीनियरला बोलवा. दुसरं कारण घरी सोडतानाचं. विल्यम हॅडन या अमेरिकन डॉक्टरने १९७० च्या सुमारास इजेचे तीन भाग पाडून मांडले: आधी, त्या क्षणी आणि नंतर. आपण तिसऱ्यात काम करतो, पण पहिल्याबद्दल आईवडील इतकं कान देऊन ऐकतील अशी वेळ पुन्हा येत नाही. "लक्ष ठेवा" हा सल्ला मात्र कुचकामी. चोवीस तास लक्ष कोण ठेवणार? वस्तूबद्दल बोला.

बॅटरी गिळलेल्या एका मुलीच्या वडिलांना मी विचारलं, ती कशातली होती? रिमोटमधली; झाकण तुटलेलं, चिकटपट्टी लावलेली. स्क्रूच्या झाकणाचा रिमोट घ्या म्हटलं. ते काही बोलले नाहीत. बाहेर जाऊन घरी फोन लावला आणि म्हणाले, "धाकट्याची ती दिव्याची गाडी कुठे आहे? आधी उचलून वर ठेव."