व्रोत्स्वाफला शिकायला जाताय? उतरल्यावरच्या या चुका टाळा

पोलंडमध्ये विद्यापीठाचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. म्हणजे सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून मराठी मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेच ते प्रश्न सुरू: खोली मिळेल का, पेसेल (इथला सरकारी ओळख क्रमांक) कसा काढायचा, बँक खातं का उघडत नाही. उत्तरंही दरवर्षी तीच, आणि चुकीची उत्तरं सगळ्यात आधी येतात. पोलंडमध्ये कागदांना क्रम आहे: आधी भाडेकरार, मग पत्त्याची नोंद, त्यातून पेसेल, मग बँक आणि पुढचं सगळं. हा क्रम उलटा करायला गेलात की घोडं पेंड खातं.

करारात नाव नसलेली खोली

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, आणि ती विमानात बसण्याआधीच झालेली असते.

होतं असं. मुलगा नाशिकात बसून खोली शोधतो. ग्रुपवर कोणी सिनियर सांगतो, "प्लाट्स ग्रुनवाल्ड्स्कीजवळ खोली आहे, कॉलेज चालत दहा मिनिटं, डिपॉझिट आजच टाक, नाहीतर जाईल." मुलगा पैसे टाकतो. पोचल्यावर कळतं की करार त्या सिनियरच्या एकट्याच्या नावावर आहे, मालकाला तिघं राहतात एवढंच माहीत आहे आणि प्रत्यक्षात राहतात पाच. मुलगा पत्ता नोंदवायला महापालिकेत जातो. खिडकीवरची बाई विचारते, या घरात राहण्याचा तुमचा कागद कुठे आहे? कागद नाही. सिनियर म्हणतो, मालकाला विचारू नकोस, मी काहीतरी करतो. तो काहीच करत नाही. नोव्हेंबरात मालक अचानक येतो, पाच गाद्या मोजतो आणि सगळ्यांना बाहेर काढतो. डिपॉझिट मागायचं कोणाकडे? बँकेच्या नोंदीत पैसे पाठवण्याचं कारण म्हणून "फूड" लिहिलेलं असतं, तेही सिनियरच्याच सांगण्यावरून.

कोणी कितीही घाई केली तरी माझा नियम एकच: पहिले दोन आठवडे हॉस्टेल किंवा विद्यापीठाचं वसतिगृह, घर डोळ्यांनी बघायचं, मगच पैसे. "मी परदेशात आहे, चावी कुरियरने पाठवतो" म्हणणारा मालक हा मालक नसतोच. घराच्या 'क्षेंगा व्येचिस्ता'चा नंबर मागा. ही आपल्याकडच्या सातबाऱ्यासारखी मालकीहक्काची नोंदवही आहे. नंबर हातात असला की ती सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येते. दुसऱ्या भागात मालकाचं नाव असतं. ते आणि करारावरचं नाव एकच हवं. नंबर द्यायला टाळाटाळ झाली, तर उठून या.

जाहिरात वाचतानाही लोक फसतात. 'द्वा पोकोये' म्हणजे दोन बेडरूम नव्हेत. हॉल धरून दोन खोल्या, म्हणजे आपला वन बीएचके. 'कावालेर्का' म्हणजे एकच खोली. भाड्याचा मोठा आकडा दिसतो, त्याखाली बारीक अक्षरात 'चिन्श' लिहिलेला असतो. तो सोसायटीचा मासिक खर्च, वेगळा भरायचा. वीज, गॅस, इंटरनेट त्याच्याही वर. समजा भाडं २२०० झ्लॉटी आणि चिन्श ६०० असेल, तर घर २८०० चं, आणि वीज अजून यायचीच आहे. तिघांत वाटणी करताना निम्मे लोक २२०० ला तीनने भागतात आणि पहिल्या महिन्यातच एकमेकांशी बोलणं सोडतात.

'नायेम ओकाझ्योनाल्नी' नावाचा एक करार असतो, मालकांचा लाडका. यात नोटरीसमोर लिहून द्यावं लागतं की घर सोडायची वेळ आली तर मी अमुक पत्त्यावर जाईन, आणि त्या दुसऱ्या पत्त्याच्या मालकाची लेखी संमतीही लागते. नव्याने आलेल्या मुलाकडे असा पत्ता कुठून असणार? मग पैसे घेऊन पत्ता 'देणारे' लोक भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. ज्या घरात पाय ठेवला नाही, तिथे जाऊन राहीन असं नोटरीसमोर लिहून देणं म्हणजे स्वतःच्या सहीने स्वतःला अडकवणं. साध्या करारावर घर देणारे मालक आहेत, फक्त दोन-चार घरं जास्त बघावी लागतात. पोलिश येत नसेल तर नोटरीकडे दुभाष्याचा खर्चही येतो, हे कोणी आधी सांगत नाही.

घर ताब्यात घेताना वीज, पाणी, गॅसच्या मीटरचे आकडे करारासोबतच्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. भिंतीचे, फरशीचे, फ्रिजच्या आतले फोटो त्याच दिवशी मालकाला ईमेल करा. डिपॉझिट, म्हणजे 'काउत्स्या', घर सोडल्यापासून एका महिन्यात परत करायचं असा कायदा आहे. पण मालक नुकसान कापून घेऊ शकतो, आणि ते नुकसान आधीपासूनचं होतं हे फोटोच सांगतात. पैसे बँकेतूनच द्या, कारणाच्या जागी 'काउत्स्या', घराचा पत्ता आणि महिना लिहा.

चार दिवसांत नोंदणी

तीस दिवसांहून जास्त राहणाऱ्या परदेशी माणसाने घरात आल्यापासून चौथ्या दिवसापर्यंत पत्ता नोंदवायचा असतो. त्याला 'झामेल्डोवानिये' म्हणतात, बोलताना 'मेल्दुनेक'. पासपोर्ट, व्हिसा, भरलेला फॉर्म आणि मूळ करार, एवढंच लागतं. झेरॉक्स घेऊन जाणारा हमखास परत येतो. नोंदणी फुकट आहे. त्याचा दाखला हवा असेल तर १७ झ्लॉटी. आणि घ्याच तो, पुढे ठिकठिकाणी मागतात.

मालक घाबरतात, नोंदणी झाली की भाडेकरू घराला चिकटून बसेल म्हणून. हा जुना गैरसमज. नोंदणी ही फक्त नोंद आहे, तिने घरावर कसलाही हक्क येत नाही, हे कायद्यातच लिहिलंय. करार तुमच्या नावावर असेल तर राहण्याचा हक्क तुमच्याकडेच आहे, मालक सोबत यायची गरज नाही.

नोंदणीसोबत पेसेल आपोआप मिळतो. अकरा आकड्यांचा हा नंबर मिळाल्यावर पहिले सहा आकडे तपासा. २००० पासून जन्मलेल्यांच्या महिन्यात २० मिळवलेले असतात, म्हणजे १४ मे २००३ असेल तर ०३२५१४. "माझा महिना चुकलाय" म्हणून खिडकीवर भांडायला जाऊ नका. नोंदणीशिवायही पेसेल मागता येतो, पण कोणत्या कायद्याप्रमाणे तो लागतो ते अर्जात लिहावं लागतं. "बँकेला हवाय" हे कारण चालत नाही.

नाव

मराठी पासपोर्टमध्ये 'गिव्हन नेम'च्या खाली मुलाचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. पोलिश नोंदीत ती दोन्ही नावं तुमचीच धरतात. करारावर फक्त 'रोहन पाटील' आणि पासपोर्टवर 'रोहन सुरेश पाटील' असलं की खिडकीवर प्रश्न येणार. विद्यापीठ, करार, बँक, सगळीकडे पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर तेच लिहा.

बॅग आणि विमान

मुंबईहून येणारे बरेच जण फ्रँकफर्ट किंवा म्युनिकला विमान बदलतात. शेंगेनमध्ये, म्हणजे सामायिक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, प्रवेश तिथेच होतो, व्रोत्स्वाफला नाही. प्रवेशपत्र, विमा, राहण्याचा पत्ता हे मोठ्या बॅगेत टाकून खाली सोडणाऱ्यांचं मला नवल वाटतं. जर्मन अधिकारी कागद मागतो तेव्हा बॅग दुसऱ्या विमानाकडे निघालेली असते.

साजूक तूप, पेढे, खवा आणू नका. युरोपीय संघाबाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे. ताजा कढीपत्ता आणि आंबेही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. वाळलेले मसाले, चटण्या, बाकरवडी खुशाल आणा.

अ‍ॅल्युमिनियमचा कुकर आणणारे दरवर्षी असतात. इथल्या बऱ्याच घरांत इंडक्शन शेगडी असते आणि तिच्यावर तो तापतच नाही. तळाला लोहचुंबक चिकटतं का ते घरीच बघा. भारतीय तीन पिनांचा प्लग इथल्या सॉकेटात जात नाही, बारीक दोन पिनांचा चार्जर जातो.

शनिवारी रात्री पोचू नका. बहुतेक रविवारी मोठी दुकानं बंद असतात. झाब्का नावाचं कोपऱ्यावरचं छोटं दुकान उघडं सापडेल, पण तिथून आठवड्याचा किराणा भरलात तर खिसा रिकामा.

ट्राममध्ये बँकेच्या कार्डाने तिकीट घेतलं की कागद मिळत नाही, कार्ड हेच तिकीट. तपासनीस आला की तेच कार्ड दाखवायचं. फोनने पैसे दिले आणि कार्ड पुढे केलं तर विनातिकीट. सवलतीचं तिकीट विद्यापीठाचं ओळखपत्र हातात आल्यावरच घ्या. त्या ओळखपत्राची मुदत ३१ मार्च आणि ३१ ऑक्टोबरला संपते. नवं स्टिकर लावलं नसेल तर सवलत गेली.

नोकरी आणि विमा

पूर्णवेळ नियमित कोर्सच्या विद्यार्थ्याला वेगळा वर्क परमिट लागत नाही. २६ वर्षांखालच्या विद्यार्थ्याला 'उमोवा झ्लेत्सेन्ये' प्रकारच्या करारावर सामाजिक विम्याचा हप्ताही भरावा लागत नाही, त्यामुळे हातात पगार जास्त येतो. यावर सगळे खूष असतात, आणि हप्ता नाही म्हणजे त्या नोकरीतून आरोग्यविमाही नाही, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. दवाखान्यात गेल्यावर कळतं. व्हिसासाठी काढलेल्या पॉलिसीची शेवटची तारीख बघा, आणि ती संपायच्या आत नवी पॉलिसी घ्या किंवा राष्ट्रीय आरोग्य निधीशी, म्हणजे एनएफझेडशी, ऐच्छिक करार करा. विद्यार्थ्यांना तो परवडतो.

दिवाळीला घरी

दुसरी मोठी चूक दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर होते. राष्ट्रीय व्हिसा फार तर एक वर्षाचा. त्यानंतर राहायला टीआरसी, म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याचं कार्ड, पोलिशमध्ये 'कार्ता पोबितू', लागतं. अर्ज व्हिसाच्या शेवटच्या दिवसापर्यंत गेलाच पाहिजे. व्रोत्स्वाफमध्ये राहणाऱ्यांचा अर्ज प्लाट्स पोव्स्तान्त्सुव वार्शावी इथल्या प्रांत कार्यालयाकडे जातो. वेळेत दिलेल्या अर्जावर निकाल येईपर्यंत पोलंडमधला मुक्काम कायदेशीर राहतो. निकालाला महिने लागतात.

इथे मुलांची गल्लत होते. अर्ज दिल्याचा पुरावा हा प्रवासाचा परवाना नव्हे. व्हिसा संपलेला, कार्ड आलेलं नाही, आणि "पोलंडमध्ये मी कायदेशीर आहे ना" म्हणून मुलगा दिवाळीला पुण्याला येतो. जाताना कोणी अडवत नाही. परतीच्या विमानात मात्र व्हिसाशिवाय बसता येत नाही. मग पुन्हा राष्ट्रीय व्हिसाचा अर्ज, पुन्हा तारखेची वाट, आणि तोवर जानेवारीअखेरची परीक्षा दारात. बर्लिनच्या वीकेंडलाही हेच लागू. जर्मनीने ऑक्टोबर २०२३ मध्ये पोलंडच्या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे आणि बस थांबवून पासपोर्ट बघतात. व्हिसा असेपर्यंत घरी जाऊन या. तो संपला की कार्ड हातात येईपर्यंत पोलंडबाहेर पाऊल नको.

अर्ज शेवटच्या आठवड्यावर ढकलणारे पुन्हा एकदा अडतात. फॉर्ममध्ये वडिलांचं नाव, आईचं नाव आणि आईचं माहेरचं आडनाव विचारतात, आणि ते ऐनवेळी आठवत नाही म्हणून रात्री दोन वाजता घरी फोन जातो, तिकडे पहाट. बारावीचं आणि पदवीचं मूळ प्रमाणपत्रही अनेकांनी "हरवेल" म्हणून घरीच ठेवलेलं असतं. अपोस्टील, म्हणजे परदेशात चालावं म्हणून कागदावर घेतलेला सरकारी शिक्का, करून घेतलेली मूळ प्रत सोबत आणा. अपोस्टील भारतातच होतं, इथे बसून ते घडवून आणायचं तर मुंबईत कोणालातरी खेटे घालायला लावावे लागतात. पोलिश भाषांतर मात्र इथे आल्यावर शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करा. भारतातून स्वस्तात करून आणलेलं भाषांतर कार्यालय घेत नाही, आणि तेच काम दुसऱ्यांदा पैसे मोजून करावं लागतं.