लांबलचक डच शब्द कसा फोडावा, कसा उच्चारावा

नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या मराठी माणसाच्या हाती लवकरच एखादे सरकारी पत्र पडते आणि त्यात रोमन लिपीतल्या 33 अक्षरांचा एकच शब्द दिसतो: अर्बेइत्सऑनखस्खिक्तहेइत्सफरझेकरिंग. काम करण्यास असमर्थ ठरल्यास मिळणारा विमा, एवढाच त्याचा अर्थ. डावीकडून एकेक अक्षर लावत गेलात तर मधेच दम तुटेल. शाळेत समासाचा विग्रह करत होतो, तोच इथे करायचा.

आधी शेवट पाहा. 'फरझेकरिंग' म्हणजे विमा. राजवाडा हा जसा शेवटी वाडाच, तसा हा सगळा शब्द शेवटी विमाच आहे. शब्दाचे लिंगही शेवटचे पदच ठरवते, म्हणून हे पद आधी ओळखण्याची सवय खरोखर लावून घ्या.

मग सांधे शोधा. दोन पदांच्या मध्ये डच भाषा अनेकदा 'स' किंवा 'अन' चिकटवते. 'हेइत' या प्रत्ययाने संपणाऱ्या पदापुढे तर 'स' येतोच. त्यानुसार आपला शब्द असा सुटतो: अर्बेइत्स (कामाची), ऑनखस्खिक्तहेइत्स (असमर्थता), फरझेकरिंग (विमा).

सांधा चुकला तर अर्थच बदलतो. एकाच स्पेलिंगचा एक शब्द 'मसा-खबेत' असा तोडला तर सामूहिक प्रार्थना होते आणि 'मसाझ-बेत' असा तोडला तर मालिशचा पलंग. म्हणून आधी पदे सोडवा, अवयव (एका झटक्यात उच्चारायचे तुकडे) नंतर पाडा.

अवयव पाडण्याचा नियम सोपा आहे. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या अवयवात जाते: फर-झे-क-रिंग. दोन असतील तर एक मागे, एक पुढे. मात्र लिहिताना जोडून आलेले व्यंजन बोलताना एकदाच उच्चारायचे. आपण 'अन्न' म्हणतो तसा त्यावर जोर देऊ नका. आधीचा स्वर ऱ्हस्व आहे एवढेच ते जोडाक्षर सांगते.

इथवर आलात की उच्चाराकडे वळा. यातला 'ख' आपल्या खडूतला नाही, तो घसा खाकरल्यासारखा घासून येतो; दक्षिणेकडे आणि फ्लँडर्समध्ये (बेल्जियमच्या डचभाषक भागात) तो बराच मऊ असतो. 'झ' श्वास न सोडता म्हणा. शब्दाच्या शेवटी लिहिलेला 'द' ऐकू येतो 'त'. जोर साधारणपणे पहिल्या पदावर: रुग्णालयाला 'झीकहाउस' म्हणताना 'झी' ठळक हवा, आणि लिहिलेला मधला 'न' बहुतेक जण गिळतात. नगरभवनासाठीचा 'स्तातहाउस' मात्र अपवाद, तिथे जोर 'हाउस'वर. हा 'हाउ' मी जवळचा म्हणून लिहिला आहे. ओठ गोल ठेवून 'अ‍ॅ'पासून 'इ'कडे सरकलात की खरा स्वर सापडेल.

मला सर्वांत आवडते ती त्यांची संधी. 'झक' म्हणजे खिसा, 'दूक' म्हणजे कापड. दोन्ही मिळून रुमाल, आणि उच्चार होतो 'झग्दूक'. वाक् + दान = वाग्दान शिकलेल्या जिभेला हे वेगळे समजवावे लागत नाही.

सराव शेवटाकडून करा. आधी 'फरझेकरिंग' पाच वेळा. मग 'ऑनखस्खिक्तहेइत्स-फरझेकरिंग'. शेवटी पुढे 'अर्बेइत्स' लावा आणि पूर्ण शब्द एका श्वासात म्हणा.