छातीचा एक्स-रे काढताना या चुका टाळा

छातीचा पीए व्ह्यू, म्हणजे प्रतिमा उमटते त्या प्लेटला छाती टेकवून, किरण पाठीकडून पुढे सोडून काढलेला फोटो, हा एक्स-रे विभागात सर्वांत जास्त निघणारा फोटो, आणि म्हणूनच सर्वांत घाईत निघणाराही. बाहेर ओपीडीची रांग लागलेली असते, रुग्णाला स्टँडपुढे उभं केलं जातं, ‘मोठा श्वास घ्या’ म्हणत बटण दाबलं जातं. याच फोटोवर पुढे न्यूमोनिया, क्षयरोग, फुफ्फुसाभोवतीचं पाणी, हृदयाचा आकार यांचा निर्णय होतो. पोझिशन बिघडली की नसलेला आजार दिसतो, नाहीतर असलेला लपतो. म्हणून नव्या टेक्निशियन मुलामुलींना माझं आग्रहाचं सांगणं आहे: सूचना नुसत्या पाठ करू नका, प्रत्येक सूचनेमागे शरीरातली कोणती रचना आहे ते समजून घ्या.

अर्धवट श्वास

फोटो परत काढायला लावणारी ही नेहमीची चूक. श्वास पूर्ण भरला की डायफ्राम, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, खाली जातो आणि फुफ्फुसांचा तळ उघडा पडतो. अर्धवट श्वासात डायफ्राम वर राहतो, तळाशी रक्तवाहिन्या एकमेकींजवळ दाटतात आणि तो भाग पांढुरका दिसतो. वाचणाऱ्याला वाटतं न्यूमोनिया. शिवाय हृदय आडवं पसरतं आणि वाढल्यासारखं दिसतं.

तपासायचं कसं? डायफ्रामच्या उजव्या घुमटाच्या वर मागच्या बाजूच्या दहा बरगड्या मोजता आल्या पाहिजेत. मोजताना नवशिक्यांचा हमखास घोळ होतो, कारण एकच बरगडी फोटोत मागूनही दिसते आणि पुढूनही. मणक्यापासून निघून जवळजवळ आडवी जाणारी ती मागची. बाहेरून आत येताना तिरपी उतरणारी ती पुढची. पुढच्या बरगड्या मोजायच्या असतील तर घुमटावर पाच-सहा पुरतात.

श्वास कमी पडला की दोष रुग्णाला दिला जातो, पण बहुतेक वेळा सूचनाच अपुरी असते. ‘मोठा श्वास’ म्हटलं की बरेच जण खांदे वर उचलतात आणि पोट आत ओढतात. पोट आत ओढल्यावर डायफ्रामला खाली उतरायला जागाच राहत नाही. तेव्हा ‘पोट सैल सोडा, खांदे खालीच ठेवा’ हे आधी सांगा. एकदा श्वास घ्यायला लावा, सोडायला लावा, आणि दुसऱ्या श्वासाला ‘रोखून धरा’ म्हणून एक्स्पोजर द्या, म्हणजे किरण सोडा. दुसरा श्वास पहिल्यापेक्षा खोल जातो. रुग्णाला मराठी कळत नसेल तर हाताने खूण करून दाखवा. एवढा अर्धा मिनिट परत फोटो काढण्यापेक्षा स्वस्त पडतो.

वळलेली छाती

दोन्ही क्लॅव्हिकलची (गळ्याखालच्या आडव्या हाडांची) आतली टोकं मणक्याच्या स्पायनस प्रोसेसपासून (मणक्याच्या मागे निघालेल्या टोकापासून) सारख्या अंतरावर हवीत. हा निकष कामाचा का आहे, ते नीट पाहा. क्लॅव्हिकलची टोकं छातीच्या पुढच्या बाजूला आहेत आणि स्पायनस प्रोसेस पाठीमागे. शरीर जरा जरी वळलं तरी या दोन्ही खुणा उलट दिशांना सरकतात, त्यामुळे थोडं रोटेशनही (छातीचं वळणंही) लगेच उघडं पडतं. पीए फोटोत ज्या बाजूचं अंतर जास्त, त्या बाजूचा खांदा प्लेटपासून मागे गेलेला असतो. परत काढताना तोच खांदा पुढे टेकवा. अंदाजाने रुग्णाला इकडेतिकडे फिरवू नका.

रोटेशन राहिलं तर श्वासनलिका एका बाजूला ढकलल्यासारखी वाटते, मधला भाग रुंद दिसतो, एक फुफ्फुस दुसऱ्यापेक्षा जास्त काळं येतं. या तिन्ही गोष्टी खऱ्या आजाराचीही लक्षणं आहेत, म्हणून ही चूक धोक्याची. कारण बऱ्याचदा पायांत असतं. एका पायावर भार देऊन उभा राहिलेला माणूस वर सरळ वाटतो, पण कमरेतून वळलेला असतो. आधी पावलं बघा, मग खांदे.

एपी फोटोतलं ‘मोठं’ हृदय

हृदय छातीत पुढच्या बाजूला असतं. पीएमध्ये छाती प्लेटला टेकते आणि किरण सोडणारी ट्यूब १८० सेंटिमीटर दूर असते, म्हणून हृदयाची सावली फारशी फुगत नाही. खाटेवर एपी, म्हणजे प्लेट पाठीमागे ठेवून किरण पुढून सोडलेला फोटो, काढताना हृदय प्लेटपासून दूर जातं, ट्यूब बहुधा १०० सेंटिमीटरच्या आसपास येते, आणि सावली मोठी पडते. हृदयाची रुंदी छातीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त असली तर ते वाढलेलं, हा नियम पीएसाठी आहे. म्हणून फोटोवर ‘एपी’ आणि रुग्ण झोपलेला असेल तर ‘सुपाइन’ असं लिहिल्याशिवाय तो पुढे पाठवू नका.

रुग्ण बसू शकत असेल तर त्याला बसवाच. उभ्या किंवा बसलेल्या स्थितीत पाणी खाली कॉस्टोफ्रेनिक कोनात, म्हणजे बरगड्या आणि डायफ्राम मिळतात त्या कोपऱ्यात, साचतं. पीएमध्ये तो कोन बोथट दिसायला साधारण २०० मिलिलिटर पाणी लागतं. आडव्या रुग्णात तेवढंच पाणी पाठीमागे पसरतं आणि नुसता धूसरपणा दिसतो. दोन्ही कोन फोटोत पूर्ण येतात ना, हेही पाहा. दम्याच्या किंवा सीओपीडीच्या (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या) रुग्णाची फुफ्फुसं लांब असतात, तिथे प्लेट उभी लावा. रुंद छातीच्या माणसाला आडवी.

खांदे, हनुवटी, वेणी

हात कमरेवर, तळवे बाहेर, कोपरं पुढे. असं केल्याने स्कॅप्युला (खांद्यामागची पसरट हाडं) फुफ्फुसांवरून बाजूला सरकतात. हनुवटी वर, कारण फुफ्फुसांची टोकं क्लॅव्हिकलच्याही वर जातात आणि क्षयरोगाचे डाग बहुतेकदा तिथेच शोधायचे असतात.

नेमक्या त्याच जागी वेणी आली तर डागासारखीच सावली पडते. केस वर बांधून घ्या. साखळी, सेफ्टी पिन, ब्लाउजचे हूक, तावीज आधीच काढायला सांगा, आणि गाऊन द्या. मंगळसूत्र काढायला एखादी बाई तयार नसेल तर वाद घालू नका. ते गळ्याशी वर घेऊन चिकटपट्टीने लावा. तिला अवघडल्यासारखं होऊ न देणं हाही आपल्याच कामाचा भाग आहे. गरोदर आहे का, हे प्रत्येक तरुण स्त्रीला पडद्याआड, हळू आवाजात विचारा.

उजव्या-डाव्या बाजूची खूण एक्स्पोजरच्या वेळीच प्लेटवर लावा. नंतर संगणकावर लावलेली खूण प्रतिमा उलटी झाली असेल तर खोटी ठरते, आणि उजवीकडे हृदय असलेला रुग्ण क्वचित का होईना, येतोच.

मुलाच्या श्वासात काही गेलं असेल तर

उजवी ब्रॉन्कस (फुफ्फुसात जाणारी श्वासनलिकेची शाखा) डावीपेक्षा रुंद, आखूड आणि जास्त उभी असते. शेंगदाणा श्वासात गेला तर तो बहुधा उजवीकडे जातो. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही, दिसते ती त्यामागे अडकलेली हवा, आणि तीही श्वास सोडल्यावर जास्त ठळक. म्हणून एकच फोटो काढून ‘नॉर्मल’ म्हणत मुलाला घरी जाऊ देऊ नका. डॉक्टरांना विचारून श्वास भरलेला आणि सोडलेला असे दोन फोटो काढा. लहान मूल ऐकून श्वास धरणार नाही. रडताना ते हुंदका घेतं, तो क्षण पकडा आणि एक्स्पोजरचा वेळ शक्य तितका कमी ठेवा. मुलाला धरायला आई-वडिलांपैकी एकाला लेड एप्रन घालून उभं करा, रोज तिथेच काम करणाऱ्या मामांना नाही.